मागच्या चाकापासून सुरुवात करा

पोलादी टूरिंग सायकल घरी आली की पहिल्या महिन्यात खरेदी होते ती बहुधा बॅगांची. नाहीतर कातडी सीटची, नाहीतर हँडलला गुंडाळायच्या मधाच्या रंगाच्या टेपची. या वस्तू डोळ्यांत भरतात, फोटोत शोभतात आणि दुकानदारालाही त्या विकायला सोप्या जातात. पण वीस किलो सामान लादून आंबा घाट किंवा कुंभार्ली चढायला लागलात की सायकलचा कस लागतो तो दोनच ठिकाणी: मागच्या चाकात आणि सगळ्यांत हलक्या गिअरमध्ये. पैसे मोजकेच असतात. ते आधी तिथे घाला. बाकीचं सावकाश जमवता येतं.

आधी सायकल कोणती, हे बघू. नमुना म्हणून सर्लीची ‘लाँग हॉल ट्रकर’ घ्या. सर्ली ही अमेरिकेतल्या मिनेसोटातली कंपनी. या सायकलचं उत्पादन आता थांबलंय, पण डिस्क ब्रेकवाली ‘डिस्क ट्रकर’ त्याच घराण्यातली. दुसरा नमुना ट्रेकची ‘५२०’, १९८३ मध्ये सुरू झालेलं नाव. या सायकली महाग वाटतात, आणि रंग सोडला तर वरवर पाहता त्यांच्यात काहीच खास दिसत नाही. खास गोष्टी बारकाईने बघाव्या लागतात. लाँग हॉल ट्रकरमध्ये पेडलच्या मधल्या धुरीपासून मागच्या धुरीपर्यंतचं अंतर ४६० मिलिमीटर असतं, म्हणजे रेसिंग सायकलपेक्षा चांगलं चार-पाच सेंटिमीटर जास्त. त्यामुळे पेडल मारताना टाच मागच्या बॅगेवर आपटत नाही आणि सामानाचं वजन धुरीच्या मागे लोंबत नाही. मागचा हब १३५ मिलिमीटरचा, म्हणजे माउंटन बाइकच्या मापाचा, तेव्हा तो कुठेही मिळतो. तीन बाटल्यांची सोय, पुढे-मागे कॅरिअर आणि मडगार्डसाठी वेगवेगळे आटे, आणि डाव्या बाजूच्या खालच्या नळीवर दोन जादा स्पोक अडकवून ठेवायची जागा. जुनी सायकल विकत घेत असाल तर रंगावर जाऊ नका. हे आटे शाबूत आहेत का आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, वरखाली हलते का, एवढं आधी तपासा. वर्षानुवर्षं ग्रीस न लावलेली अल्युमिनियमची सीटपोस्ट पोलादी नळीत अशी जाम बसते की ती काढायची मजुरी सायकलच्या किमतीशी स्पर्धा करते.

आता चाक. सामान लादलेल्या सायकलचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर येतं. शिवाय कॅसेटला, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्याला, जागा करून द्यायची म्हणून त्या चाकाच्या उजव्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे असतात आणि जास्त ताणलेले, डाव्या बाजूचे तिरपे आणि ढिले. चाक फिरताना जमिनीकडच्या स्पोकचा ताण दर फेरीला थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. मुळातच ढिला असलेला स्पोक असा लाखो वेळा वाकत राहिला की एक दिवस हबजवळच्या वाकात तुटतो. म्हणजे स्पोक तुटतो तो वजनापेक्षा ढिलेपणाने. बाजेच्या सुंभासारखंच आहे हे: एक पेड सैल पडला की शेजारच्यांवर भार जातो, आणि मग सगळीच बाज झोळ धरते.

म्हणून मागचं चाक ३६ स्पोकचं घ्या, रिम दणकट घ्या, आणि चाक मशिनवर बांधलेलं असेल तर ते नवंकोरं असतानाच चांगल्या मिस्त्रीकडे नेऊन आऊट काढून घ्या. मिस्त्री चांगला आहे हे ओळखायचं कसं? तो चाक स्टँडवर लावून फिरवण्याआधी स्पोकना हात लावून बघतो. स्पोकवर नख मारलं की सूर निघतो. उजव्या बाजूचे सगळे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत, डाव्या बाजूचे सगळे दुसऱ्या, खालच्या सुरात. एखादा मध्येच भद्द वाजला तर तोच उद्या तुटणार. चाक सरळ फिरतंय पण स्पोकचे सूर जुळत नाहीत, तर आऊट अर्धीच निघालीय. शेवटी तो समांतर जाणाऱ्या दोन-दोन स्पोकना मुठीत धरून जोरात दाबतो, चाक पुन्हा तपासतो, पुन्हा दाबतो. ही दाबादाबी वगळणारा मिस्त्री घाईत आहे असं समजा. हे सगळं घरीही शिकता येतं. सायकलची जेवढी कामं आहेत त्यांतलं हे सगळ्यांत समाधानाचं, पण पहिलं चाक नवीन सायकलचं नको, अडगळीतलं घ्या.

टायर ३५ ते ४२ मिलिमीटर रुंद असावा आणि त्याच्या आत पंक्चररोधक पट्टा असावा. श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस जड आहे, त्याबद्दल कुरकुर करणारे खूप भेटतात. बाभळीच्या काट्यांच्या रस्त्यावर तेच लोक गप्प असतात. हवेचा दाब टायरवर लिहिलेला असतो ती कमाल मर्यादा, सल्ला नव्हे. ३८ मिलिमीटरच्या टायरला सामानासह मागे ६० पीएसआयच्या आसपास आणि पुढे दहाएक कमी, इथून सुरुवात करून आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करा.

मापाच्या बाबतीत मात्र नावावर विसंबू नका. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा वाचा. ७००सी म्हणजे ६२२. माउंटन बाइकचं २६ इंची म्हणजे ५५९. आपल्या जुन्या दूधवाल्याच्या सायकलचं २८ गुणिले दीड म्हणजे ६३५. २६ गुणिले एक तीन-अष्टमांश म्हणजे ५९०. नाव २६ इंचीच, पण माउंटन बाइकच्या रिमवर ते बसणार नाही. तालुक्याच्या सायकल मार्टात ५५९ चे टायर हमखास मिळतात. ६२२ चे हायब्रिड सायकलींमुळे आता मिळू लागलेत, पण भरवसा नाही. लाँग हॉल ट्रकरच्या लहान मापाच्या सायकली २६ इंची चाकांवरच येत. आडवाटेने हिंडणाऱ्याला त्या फायद्याच्या. उंच माणसाने ७००सी घेतली तर एक घडीचा जादा टायर सोबत ठेवावा, एवढंच.

ट्यूबच्या वॉल्वचंही आधीच ठरवा. बारीक प्रेस्टा वॉल्व शहरातल्या पंपाला चालतो, गावातल्या पंक्चरवाल्याकडे नाही. मोटारसायकलसारखा जाड श्रेडर वॉल्व कुठल्याही पेट्रोल पंपावर भरून मिळतो, पण त्याला रिमचं भोक साडेआठ मिलिमीटरचं लागतं, प्रेस्टाचं असतं साडेसहा. टूरिंगसाठी चाक बांधून घेताय तर श्रेडरचं भोक मागून घ्या. प्रेस्टाच असेल तर स्वस्तात मिळणारं पितळी ॲडाप्टर वॉल्ववरच फिरवून ठेवा. पाकिटात ठेवलेलं ॲडाप्टर हवं तेव्हा सापडत नाही.

गिअरचा हिशोब थोडा सविस्तर करू, कारण दुकानात तो कुणी करत नाही. लाँग हॉल ट्रकरला पुढे ४८, ३६ आणि २६ दात्यांच्या तीन चकत्या असत. मागे ३४ दात्यांची सगळ्यांत मोठी चकती धरली तर २६ ला ३४ हा सगळ्यांत हलका गिअर. ७००सी चाकावर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १.६७ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्यात तर वेग ताशी ६ किलोमीटर. आता रोड बाइकवर सर्रास असणारा ३४ ला २८ घ्या. एका फेरीत २.६५ मीटर, साठ फेऱ्यांना ताशी साडेनऊ किलोमीटर. ऐकायला हे बरं वाटतं. पण माणूस, सायकल आणि सामान मिळून १०५ किलो धरा आणि चढ आठ टक्क्यांचा. ढोबळ हिशोबाने पहिल्या गिअरला सुमारे १५० वॉट लागतात, दुसऱ्याला २४० च्या घरात. १५० वॉट साधारण सराव असलेला माणूस तासभर देऊ शकतो. २४० वॉट देता देता तुमच्या-माझ्यासारख्याचे गुडघे बोलू लागतात, आणि मग साठच्या चाळीस फेऱ्या होतात, मग उतरून ढकलणं. सामानाच्या सायकलला सगळ्यांत हलक्या गिअरमध्ये मागची चकती पुढच्या चकतीपेक्षा मोठीच हवी, असा साधा नियम धरा. वरचा, जड गिअर काय आहे याने टूरिंगमध्ये फारसं बिघडत नाही. उतारावर सायकल आपली आपणच पळते.

कोकणच्या किनाऱ्याने जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. नकाशात समुद्र शेजारी दिसतो म्हणून रस्ता सपाट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात दर खाडीला उतरायचं, जेटीवरून पलीकडे जायचं आणि लगेच सड्यावर चढायचं. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, प्रत्येक फेरी बोटीनंतर हेच. हे चढ घाटांसारखे लांब नसतात, पण अंगावर येतात. आणि बोटीतून उतरल्या उतरल्या पाय थंड असतात.

गिअर बदलायला हँडलच्या टोकांना बसणारे बार-एंड शिफ्टर हे जुन्या वळणाचे आहेत, पण टूरवर ते मला सर्वांत शहाणे वाटतात. बऱ्याच जुन्या जोड्यांमध्ये टिकटिक करणारं इंडेक्सिंग बंद करून निव्वळ घर्षणावर चालवायची सोय असते. मागचा डिरेल्युअर आपटून तो ज्याला टांगलेला असतो तो हँगर किंचित वाकला तर इंडेक्सिंग कामातून जातं. घर्षणावर तुम्ही अंदाजाने चेन बसवता आणि मुक्कामाला पोचता. पोलादी फ्रेमचा हँगर जपून पुन्हा सरळही करता येतो.

‘पोलाद कुठल्याही गावात वेल्डिंग करून मिळतं’ हे वाक्य मात्र जरा हातचं राखून ऐका. दूधवाल्याच्या सायकलच्या जाड नळीबाबत ते खरं आहे. चांगल्या टूरिंग फ्रेमची क्रोमोली नळी मधल्या भागात एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. ग्रिल-गेट करणाऱ्याने तिला आर्क वेल्डिंगचा रॉड लावला की भोकच पडतं. फ्रेम मोडलीच तर गॅसवर पितळेचं ब्रेझिंग करणारा शोधा; त्याला कमी उष्णता लागते. कॅरिअरचा दांडा मोडला तर मात्र कुठलाही वेल्डर चालतो, आणि मोडतो तो बहुधा कॅरिअरच. १९२३ साली मुंबईहून सायकलने पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये परत आले. वाटेत अडलं-मोडलं तर विसंबायचं कशावर, हा प्रश्न त्यांच्यापुढेही असणार. एवढ्या लांबच्या प्रवासात सायकलचा प्रत्येक भाग वाटेवरच्या माणसाला कळेल असा असणं हाच खरा विमा.

म्हणून कॅरिअर पोलादी घ्या. जर्मनीतल्या ट्यूबसचं ‘कार्गो’ क्रोमोली नळीचं आहे, ४० किलोपर्यंत वजन पेलतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. एवढे पैसे नसतील तर स्वस्त अल्युमिनियमच्या नादी लागण्यापेक्षा ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून सळईचं करून घेतलेलं बरं. एक-दोन किलो जास्त भरेल, पण डुलणार नाही. सीटपोस्टला एकाच क्लँपने लटकणारं कॅरिअर टूरसाठी नको. खालचे दोन बोल्ट एम-५ मापाचे असतात आणि सगळा भार त्यांच्यावर असतो. आट्यांना निळं थ्रेडलॉकर लावा आणि बोल्ट पलीकडून बाहेर निघत असेल तर त्यावर नायलॉकचा नट बसवा. उजव्या बाजूला बोल्ट आत जास्त घुसून सगळ्यांत लहान चकतीवरच्या चेनला घासत नाही ना, हे चाक बसवल्यावर बोट घालून बघा. चार जादा बोल्ट सोबत ठेवा.

बॅगांबद्दल लोक फार बोलतात, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ऑर्टलीबच्या बॅगा पावसात खरोखर कोरड्या राहतात. कापडी बॅगेत जाड प्लास्टिकची पिशवी घातली तरी काम भागतं. बघायचं ते हूक. ऑर्टलीबच्या हुकात वेगवेगळ्या जाडीच्या दांड्यांसाठी प्लास्टिकच्या पट्ट्या येतात. पुष्कळ जण त्या खोक्यातच ठेवतात, मग बॅग दर खड्ड्याला खडखडते आणि वर्षभरात हूक दांड्याचा रंग, मग दांडाच खातो. योग्य पट्टी घाला, खालचा हूक कॅरिअरच्या पायात अडकेल असा फिरवा, बॅग गरजेपुरतीच मागे सरकवा आणि पेडल उलटं फिरवून टाच लागते का बघा. सामान पंधरा किलोच्या वर गेलं की सगळं मागे लादू नका. पुढच्या फोर्कला खाली बसणारं लो-रायडर लावून एक तृतीयांश पुढे घ्या, जड वस्तू तळाशी. सगळं सामान मागेच असलेली सायकल उतारावर हँडल थरथरवू लागते. तशी थरथर सुरू झालीच तर हँडल आवळून धरू नका. दोन्ही गुडघे मधल्या नळीला टेकवा आणि वेग हळूहळू उतरवा.

ब्रेक. कँटिलिव्हर असतील तर ते नीट लावलेले असतील तरच चांगले, आणि ते नीट लावणारा मिस्त्री दुर्मीळ. त्यांच्या जागी व्ही-ब्रेक बसवायचा मोह होतो, पण रोड हँडलचे नेहमीचे लिव्हर व्ही-ब्रेकला पुरेशी केबल ओढत नाहीत. त्यासाठी वेगळे लिव्हर येतात, ते घ्या. पावसाळ्यात रस्त्याची लाल माती पॅडमध्ये रुतून रिम खरवडते. संध्याकाळी पॅड पुसा, त्यात अडकलेले चकाकणारे कण टोकदार वस्तूने काढा. डिस्क ब्रेकवाल्या सायकलला केबलवर चालणारे कॅलिपर मला पसंत आहेत. केबल कुठेही मिळते.

मडगार्डशिवाय टूरिंग सायकल म्हणजे अर्धी सायकल. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा हवी, नाहीतर चिखल अडकून चाकच थांबतं. पुढच्या मडगार्डला जमिनीपासून चार बोटांपर्यंत येणारा रबरी पडदा लावा. जुन्या ट्यूबचा तुकडा पुरतो. चेन, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या मधल्या धुरीची जागा) आणि तुमचे बूट, तिन्ही वाचतात.

सीट ज्याची त्याची. ब्रूक्सची ‘बी-१७’ शंभराहून जास्त वर्षं बनते आहे आणि ज्याला तिची सवय झाली त्याला दुसरी चालत नाही. पण कातडं भिजलेलं असताना त्यावर बसून दिवसभर चाललात तर ते झोळ धरतं. कोकणात जूनमध्ये जायचं असेल तर तुमची नेहमीची, सवयीची सीट घेऊन जा. नवी सीट टूरच्या सकाळी बसवू नये. हँडल सीटच्या बरोबरीला आणा. त्यासाठी फोर्कची वरची नळी न कापलेली हवी. दुकानदार ‘जरा छान दिसेल’ म्हणून कापायला निघाला तर हात धरा. जुन्या सायकलला उभा क्विल स्टेम असेल तर तो वर घेता येतो, फक्त त्यावर कोरलेली मर्यादारेषा बाहेर दिसू देऊ नका.

साइड स्टँड हवाच असतो आपल्याला. पण खालच्या दोन नळ्यांना चिमटा मारून बसणारा स्टँड पातळ नळ्या चेपतो, आणि सामानासकट सायकल त्यावर उभी केली की आणखी चेपतो. फ्रेमला त्यासाठी पट्टी जोडलेली नसेल तर स्टँड विसरा. ब्रेकच्या लिव्हरला रबर अडकवून सायकल भिंतीला टेकवली की हलत नाही.

पुढच्या हबमधला डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॉटचा असतो. दिव्याला तो उत्तम. त्यावर फोन चार्ज करायचा तर सपाटीचा वेग हवा. घाटात ताशी सहाने जाताना जवळपास काहीच मिळत नाही, तेव्हा पॉवर बँक लागतेच.

आता गंज. समुद्राकाठी राहणाऱ्याला सांगायला नको. पण सायकल बाहेरून नाही, आतून गंजते. पावसाचं पाणी सीटपोस्टच्या फटीतून उतरतं आणि बॉटम ब्रॅकेटपाशी साठतं. वर्षातून एकदा सीटपोस्ट आणि बॉटम ब्रॅकेट काढून घ्या, फ्रेम उलटी टांगा, आत जवसाचं उकळलेलं तेल किंवा गंजरोधक फवारा सगळीकडे फिरेल असं ओता आणि एक रात्र निथळू द्या. बॉटम ब्रॅकेटखालचं बारीक भोक उघडं ठेवा. आटे ग्रीस लावूनच परत बसवा, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवून. फेरी बोटीवर खारं पाणी उडालं असेल तर मुक्कामी गोड्या पाण्याची एक बादली ओता, चेन पुसून तेल द्या.

हत्यारांत चार-पाच मिलिमीटरच्या ॲलन की, स्पोक की, चेन तोडायचं यंत्र आणि दोन क्विक लिंक, टायर लिव्हर, सोल्यूशन-पॅच. याशिवाय कॅसेट काढायचं छोटं हत्यार. उजव्या बाजूचा स्पोक तुटला तर कॅसेट काढल्याशिवाय नवा घालता येत नाही, आणि हे हत्यार कुठल्याही गावात मिळत नाही. ते फिरवायला लागणारा मोठा पाना मात्र कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो.

हे झालं की सगळं सामान, पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांसकट, लादून जवळचा घाट एकदा चढून-उतरून या. पुणेकरांना ताम्हिणी आहे. परत आल्यावर बॅगा काढण्याआधी कॅरिअरचे चारही बोल्ट पाहा, मग मागचं चाक उचलून फिरवा आणि स्पोकवर नख मारत एक फेरी पूर्ण करा. नव्या चाकाचे दोन-तीन स्पोक हमखास सैल निघतात. ते आवळून आणखी दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा तपासा. दुसऱ्या वेळी सगळे जुळून वाजले तर चाक बसलं. मग खुशाल बॅगा विकत घ्यायला जा.